घोड्यामागून फूटबोर्डावर

नाशिक शहरात पहाटे गंगापूर रस्त्याने किंवा त्र्यंबक रस्त्याने निघालेल्या सायकलच्या पुढच्या टोपलीत बसलेले लहान कुत्रे, आणि संध्याकाळच्या गर्दीत स्कूटरच्या फूटबोर्डावर, म्हणजे पाय ठेवण्याच्या सपाट पत्र्यावर, अंग सावरून उभे असलेले कुत्रे, ही दोन्ही दृश्ये आता इतकी सवयीची झाली आहेत की त्यांना काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. शहरी घरांचा अलीकडचा छंद, एवढीच त्यांची नोंद होते आणि ती नोंद अपुरी आहे. स्वार आणि कुत्रा ही जोडी या प्रदेशात देव्हाऱ्यापासून मेंढवाड्यापर्यंत सर्वत्र आढळते. काळाप्रमाणे बदलत गेली ती या जोडीतल्या कुत्र्याची जागा. घोडा होता तोवर कुत्रा त्याच्यामागून धावत होता, बैलगाडी होती तोवर गाडीखालून चालत होता, आणि वाहनाचा वेग त्याच्या पायांना झेपेनासा झाला तेव्हा तो वाहनावर आला. वाहनाचा वेग आणि वाहनाची घडण यांनी ही जागा ठरवली, आणि ती ठरत असताना कुत्र्याचा आकारही लहान होत गेला.

या जोडीचे सर्वांत जुने आणि सर्वांत घरगुती चित्र खंडोबाच्या टाकावर पाहायला मिळते. टाक म्हणजे चांदीच्या किंवा अन्य धातूच्या पातळ पत्र्यावर ठशाने उठवलेली कुलदैवताची प्रतिमा. ती बहुधा हाताच्या तळव्यात मावेल एवढीच असते आणि लग्नानंतर किंवा घर वेगळे झाल्यावर नव्या देव्हाऱ्यासाठी सोनाराकडून करून घेतली जाते. खंडोबाच्या टाकावर घोड्यावर बसलेला देव, त्याच्याजवळ म्हाळसा, देवाच्या हातात उगारलेले खड्ग आणि घोड्याच्या पोटाखाली किंवा पायांशी तोंड वर करून धावणारा कुत्रा एवढे सगळे त्या तळव्याएवढ्या जागेत बसवलेले असते. सोनाराचे कौशल्य या कुत्र्याच्या जागी पणाला लागते, कारण घोड्याचे चार पाय काढून झाल्यावर उरलेल्या नखभर जागेत त्याला कान, शेपूट आणि धाव दाखवायची असते. पिढ्यान् पिढ्या रोजच्या पूजेत घासूनपुसून जुना टाक झिजला की देवाचे नाकडोळे पुसट होतात, म्हाळसेचा पदर सपाट होतो, तरीही खाली कुत्र्याच्या शेपटीचा बाक बोटाला लागत राहतो. देव ओळखू येतो तो पुष्कळदा या घोड्यावरून आणि कुत्र्यावरून.

खंडोबाच्या उपासनेचा अभ्यास रा. चिं. ढेरे यांनी आणि पुढे पुण्यात दीर्घकाळ राहिलेले जर्मन संशोधक गुंथर सोन्थायमर यांनी केला असून, धनगर, रामोशी, कोळी अशा रानावनांत आणि वाटांवर वावरणाऱ्या समाजांशी असलेले या दैवताचे नाते त्यांच्या लेखनातून पुढे आले. कुत्र्याचा मान या नात्यातूनच समजतो. खंडोबाला वाहिलेले भक्त म्हणजे वाघ्ये हे स्वतःला देवाचे कुत्रे मानतात, आणि काही विधींत कुत्र्यासारखे भुंकणे, जमिनीवर ठेवलेल्या कोटंब्यात, म्हणजे भिक्षेच्या पात्रात, तोंड घालून खाणे असे आचारही त्यांच्यात होते. एरवी अपवित्र मानलेल्या प्राण्याचे रूप भक्ताने अंगावर घ्यावे, ही गोष्ट या उपासनेचे वेगळेपण सांगणारी आहे. नाशिक जिल्ह्यापुरते बोलायचे तर मालेगावजवळचे चंदनपुरी हे या कथेतले महत्त्वाचे ठिकाण होय. बाणाई ही खंडोबाची धनगर कुळातली दुसरी पत्नी येथली, आणि लोककथेनुसार तिच्यासाठी खंडोबा वेष पालटून येथे मेंढरे राखत राहिला. पौष पौर्णिमेला येथे यात्रा भरते आणि भंडारा, म्हणजे हळदीची पूड, उधळला जातो. देवळाली कॅम्पच्या टेकडीवरही खंडोबाचे देऊळ असून मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला तेथे भाविकांची गर्दी होते. घोडेस्वार देव स्वतः मेंढपाळ झाला आणि कुत्रा त्याच्या दोन्ही रूपांत बरोबर राहिला, हे या परंपरेने कधी विसरू दिलेले नाही.

देवाच्या कुत्र्याकडून माणसाच्या कुत्र्याकडे येताना धनगरांच्या वाड्याशी थांबावे लागते. वाडा या शब्दाचा अर्थ येथे इमारत असा नसून काही कुटुंबे, त्यांची मेंढरे, घोडी आणि कुत्री मिळून होणारा फिरता तळ असा आहे. पावसाळा कमी पावसाच्या पूर्वेकडच्या मुलखात काढायचा आणि पुढचे आठ महिने चाऱ्याच्या मागे चालत राहायचे, ही त्यांची वर्षाची मांडणी असते. वाटेतला शेतकरी आपल्या शेतात मेंढरे बसवून घेतो, कारण त्यांच्या लेंडीखताने जमिनीला कस येतो, आणि त्याबद्दल तो धान्य किंवा पैसे देतो. या चालीत मोठी कुत्री कळपाच्या कडेने चालतात आणि रात्री लांडग्यापासून राखण करतात, तर घोड्याच्या पाठीवर सगळे बिऱ्हाड चढवलेले असते: उलटी घातलेली बाज, पातेली, पाण्याची भांडी, पाय बांधलेल्या कोंबड्या, कधी एखादे तान्हे मूल. आदल्या रात्री जन्मलेले कोकरू दिवसभराची चाल चालू शकत नाही, म्हणून त्याला कापडाच्या झोळीत घालून त्याच घोड्यावर ठेवतात. कुत्रीची पिल्ले लहान असतील तर तीही त्याच झोळीत जातात, आणि कापडाच्या दुमडीतून कोकरू व पिल्लू यांची डोकी शेजारी शेजारी बाहेर आलेली दिसतात. पुढे ज्याच्याकडून कळपाचे रक्षण व्हायचे आहे त्याची आणि ज्याचे रक्षण व्हायचे आहे त्याची पहिली ओळख अशी एका झोळीत होते. पाय भक्कम झाले की पिल्लू खाली उतरवले जाते आणि नंतर कधीच वर घेतले जात नाही. उचलून नेणे ही अशक्त काळापुरती केलेली सोय असते. स्वाराबरोबर लहान कुत्रे वाहून नेण्याची रीत या प्रदेशात अशी जुनी आहे आणि तिच्या मुळाशी हौसेपेक्षा गरज आहे. वाट चालायची आहे, थांबता येत नाही, आणि ज्याला चालवत नाही त्याला मागे टाकता येत नाही.

गावात स्थिरावलेल्या शेतकऱ्याचे वाहन म्हणजे बैलगाडी, आणि तिथे कुत्र्याची जागा दोन चाकांच्या मध्ये, गाडीच्या तळाखाली. गाडीचा सगळा भार आपणच ओढतो आहोत असे गाडीखालच्या कुत्र्याला वाटते, हा दाखला मराठीत सर्रास दिला जातो आणि गुजरातीत नरसी मेहतांच्या पदानेही तो अजरामर केला आहे. दाखला माणसाच्या अहंकाराबद्दल आहे हे खरे, परंतु त्यातल्या कुत्र्यावर थोडा अन्याय होतो. बैलाची चाल कुत्र्याच्या चालीशी जुळते, उन्हात चालणाऱ्या गाडीखाली हलती सावली असते, आणि वाटेवरच्या गावांतली परकी कुत्री चाकांच्या आत शिरायला कचरतात. दूरच्या बाजाराला निघालेल्या कुत्र्यासाठी याहून शहाणी जागा नव्हती. याच गाडीला आसाजवळ वंगणाचा बांबूचा नळा टांगलेला असे, आणि गाडी जत्रेला गेली की त्यालाही आपोआप देवदर्शन घडे, म्हणून ‘गाड्याबरोबर नळ्याची यात्रा’ अशी म्हण पडली. नळा टांगलेला होता, कुत्रा मात्र आपल्या पायांनी येत होता.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजी राज्याबरोबर कुत्र्याला वाहनात बसवण्याची वेगळी रीत आली. डॉगकार्ट नावाची दोन चाकांची घोडागाडी मूळ विलायतेत शिकारी कुत्री नेण्यासाठी घडवली गेली, आणि तिच्या बैठकीखाली हवा खेळेल अशी पेटी कुत्र्यांसाठी ठेवलेली असे; पुढे पेटीचा उपयोग मागे पडला आणि नाव तेवढे राहिले. थळ घाटातला लोहमार्ग १८६५ मध्ये सुरू होऊन मुंबई नाशिकला जोडली गेली, आणि रेल्वेत कुत्र्यासाठी गार्डच्या डब्यातली पेटी, तर लहान पिल्लासाठी टोपली असा नियम रूढ झाला. टोपलीतून प्रवास करणाऱ्या कुत्र्याला असे अधिकृत स्थान आधी रेल्वेने दिले, सायकलने नंतर. देवळालीची लष्करी छावणी १८६१ मध्ये वसली, आणि विलायतेहून येणाऱ्या किंवा परतणाऱ्या गोऱ्या सैनिकांचा तेथे मुक्काम पडू लागला. घुशी-उंदरांमागे लागणारी, मांडीवर मावणारी टेरियर जातीची कुत्री हा त्या सैनिकी जीवनाचा आवडता भाग होता. देवळालीची कोरडी हवा मानवते म्हणून मुंबईची पारशी कुटुंबेही येथे बंगले आणि आरोग्यधामे बांधून राहू लागली. पारशी धर्मात कुत्र्याला मोठे स्थान असून, मृताच्या अंत्यविधीत कुत्र्याची दृष्टी मृतदेहावर पाडण्याचा सगदीद नावाचा संस्कार आहे. मुंबईत १८३२ च्या जूनमध्ये मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमाविरुद्ध जो दंगा झाला त्यात पारशी समाज पुढे होता, आणि दुकाने बंद ठेवून किल्ल्यातल्या गोऱ्यांची रसद अडवण्यापर्यंत ते प्रकरण गेले होते. घरात, माणसांच्या बैठकीत वावरणारे लहान कुत्रे नाशिक परिसराच्या नजरेला पडू लागले ते अशा छावणीतून आणि बंगल्यांतून.

सायकल येईपर्यंत कुत्र्याची बाजू वेगाच्या बाबतीत भक्कम होती. जॉन केम्प स्टार्ली याने १८८५ मध्ये दोन सारख्या चाकांची आणि साखळीने फिरणारी ‘रोव्हर’ सायकल बाजारात आणली आणि १८८८ मध्ये डनलॉपच्या हवेच्या टायरने तिचे धक्के कमी केले. त्याआधीच्या उंच चाकाच्या सायकलवर स्वाराला स्वतःला सावरणे कठीण, तिथे सोबतीला जागा कुठून असणार. जुन्या मराठीत सायकलला पायगाडी म्हणत, नंतर सायकल हाच शब्द रुळला. आज बोलण्यात बाइक म्हटले की मोटारसायकल समजतात आणि सायकलला सायकलच म्हणतात. सुरुवातीची विलायती सायकल चैनीची होती. मद्रासला टीआय (१९४९), सोनीपतला अ‍ॅटलस (१९५१) आणि लुधियान्याला हिरो (१९५६) असे देशी कारखाने निघाल्यावर ती कामगाराच्या आणि दूधवाल्याच्या आवाक्यात आली. नाशिकमध्ये या बदलाला उद्योगांची जोड मिळाली. नाशिक रोडचे सरकारी छापखाने १९२० च्या दशकातले; साठच्या दशकात सातपूरची औद्योगिक वसाहत आणि ओझरचा विमान कारखाना आला, आणि पाळी सुटण्याच्या वेळेला रस्ते सायकलींनी भरून जाऊ लागले.

दांडीची ही काळी, जड सायकल मालवाहू म्हणून उत्तम होती. दांडी म्हणजे बैठकीपासून हँडलपर्यंत गेलेली आडवी नळी. तिच्यावर मूल बसे. मागच्या कॅरियरवर, म्हणजे चाकावरच्या लोखंडी पाटीवर, बायको, गवताचा भारा किंवा दुधाचे कॅन बसत. कुत्र्याला मात्र या सायकलवर नैसर्गिक जागा नव्हती, कारण दांडीवर त्याला पकड घेता येत नाही आणि कॅरियरच्या पट्ट्यांमधून त्याचे पाय खाली जातात. मोठे कुत्रे सायकलच्या बाजूने पळत राहिले आणि दमले की मागे पडले. सायकलवर न्यायचे तर कुत्रे लहान हवे आणि त्याच्याभोवती काही भिंत हवी, या दोन अटी सायकलच्या घडणीतूनच निघाल्या. पाश्चात्त्य देशांत ही भिंत वेताच्या टोपलीच्या रूपाने आली, आणि १९३९ च्या ‘द विझार्ड ऑफ ओझ’ या चित्रपटातल्या टोटोने तिला जगभर पोहोचवले. पण त्या प्रसंगात शेजारीण कुत्र्याला मालकिणीपासून तोडून टोपलीत घालून नेते आणि ते झाकण उचलून उडी मारून परत पळते, हे टोपलीची चित्रे काढणारे विसरतात. बसणाऱ्याला जायचे आहे की नाही, यावर टोपलीचे टोपली असणे किंवा पिंजरा असणे अवलंबून असते.

नाशिककडे टोपलीचे काम पुष्कळदा क्रेट करतो. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटो ज्या जाळीदार प्लॅस्टिकच्या पेटाऱ्यांतून येतो तेच हे क्रेट. साधारण २० किलो माल मावेल एवढे, चारही बाजूंनी हवा खेळणारे, तळ मजबूत. असा क्रेट सायकलच्या कॅरियरवर उभा ठेवून जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्यांनी आवळला, म्हणजे रबराच्या ताणामुळे खड्ड्यातही तो हलत नाही, आणि आत गोणपाटाची घडी टाकली की पंजे घसरत नाहीत. जाळीतून नाक बाहेर काढून बसलेल्या कुत्र्याला वास सगळे मिळतात आणि उडी मारण्याइतकी उंची मिळत नाही. दुकानातून आणलेल्या परदेशी टोपलीपेक्षा ही व्यवस्था दिसायला ओबडधोबड आहे, पण वाऱ्याच्या, वजनाच्या आणि पकडीच्या दृष्टीने ती तिच्याहून सरस ठरते. धनगराच्या झोळीशी तिचे नाते अधिक जवळचे आहे, कारण दोन्ही ठिकाणी हाताशी असलेली वस्तूच पाळण्यासारखी वापरली गेली.

सायकल आणि कुत्रा यांना एका सूत्रात बांधणारी आणखी एक गोष्ट म्हणजे बिल्ला. नाशिकची नगरपालिका १८६४ ची. तिचे रूपांतर १९८२ मध्ये महानगरपालिकेत झाले. स्थानिक संस्थांच्या उत्पन्नात वाहनांवरच्या आणि कुत्र्यांवरच्या करांना पूर्वीपासून जागा होती, आणि महानगरपालिकांसाठीच्या १९४९ च्या अधिनियमात कलम १२७ खाली वाहने, नावा आणि जनावरे यांवरचा कर व कुत्र्यांवरचा कर असे दोन्ही आहेत. सायकलचा कर भरला की धातूचा ठसा उमटवलेला छोटा बिल्ला मिळे आणि तो सायकलला लावून ठेवावा लागे. तसाच बिल्ला कर भरलेल्या कुत्र्याच्या गळपट्ट्याला अडकवला जाई. रेबीजच्या, म्हणजे पिसाळण्याच्या रोगाच्या भीतीने मोकाट कुत्री पकडली जात असत, तेव्हा धनी असलेल्या कुत्र्याला जीवदान देणारी खूण हीच होती. महाराष्ट्राच्या गावोगावी सायकलींचे बिल्ले पुढे बंद झाले. कुत्र्याचा परवाना टिकला, आणि त्याच्यासाठी लसीकरणाचा दाखला मागण्याची पद्धत रुळली, हे योग्यच झाले.

ज्या लहान कुत्र्याने नाशिकच्या दुचाकीवर खरी मांड ठोकली तो मात्र छावणीतला टेरियर नव्हे. तो पांढरा, दाट केसांचा, टोकदार तोंडाचा स्पिट्झ; घरोघरी त्याला ‘पामेरियन’ म्हणतात. मूळ युरोपीय स्पिट्झ जातीपासून भारतात वाढलेली ही वेगळी जात असून येथल्या उन्हाला ती बऱ्यापैकी सरावलेली आहे, खाते कमी, दूधभातावरही राहते आणि दोन खोल्यांच्या घरात मावते. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’ या चित्रपटातल्या टफीने तिचे वेड वाढवले. त्यानंतर २००३ मध्ये एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत लहान मुलामागे सगळीकडे जाणारा पग दिसला आणि चपट्या तोंडाच्या पगची मागणी वाढली. जाहिरातीतला पग मुलाच्या मागून चालत होता. शहरातल्या वाहनांच्या वेगात तसे चालणे शक्य नसल्यामुळे खऱ्या आयुष्यात त्याला फूटबोर्डावरच जागा मिळाली.

त्या फूटबोर्डाचा जन्म इटलीत झाला. पिआजिओ कंपनीसाठी कोर्रादिनो दास्कानिओ या विमानतज्ज्ञाने १९४६ मध्ये वेस्पा घडवली. मोटारसायकलची मधली टाकी आणि उघडे इंजिन त्याला पसंत नव्हते, म्हणून त्याने इंजिन मागच्या चाकाजवळ पत्र्याखाली झाकले आणि हँडल व बैठक यांच्या मधली जागा मोकळी ठेवली. स्कर्ट घातलेल्या स्त्रीला चढता यावे आणि चिखल कपड्यांवर उडू नये, हा त्यामागचा हेतू होता. पुढे या जागेत काय काय उभे राहील याची कल्पना त्याला असणे शक्य नाही. पुण्याजवळ आकुर्डीला बजाजने साठच्या दशकात वेस्पा बनवली आणि परवान्याची मुदत संपल्यावर १९७२ मध्ये चेतक आणली. राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव मिरवणाऱ्या या स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे नाव नोंदवून वाट पाहत. त्याच वर्षी अहमदनगरच्या, आताच्या अहिल्यानगरच्या, किनेटिक इंजिनिअरिंगची लूना आली आणि सायकलवाल्याला इंजिन परवडू लागले. महाराष्ट्राच्या कारखान्यांतून निघालेल्या या वाहनांच्या पुढच्या मोकळ्या जागेवर गव्हाचे पोते, गॅसची टाकी, शाळेला निघालेले मूल आणि कुत्रा हे आलटून पालटून प्रवास करू लागले.

फूटबोर्डावरच्या कुत्र्याचे उभे राहणे निरखून पाहण्यासारखे असते. पहिल्या दिवशी ते बसून राहते आणि थरथरते, कारण पत्र्यातून इंजिनाची कंपने थेट पंजांना लागतात. आठवड्याभरात ते स्वाराच्या दोन पायांच्या मध्ये आडवे उभे राहायला शिकते, पाठ एका पिंढरीला टेकवते आणि वळण येण्याआधीच वजन आतल्या बाजूला घेते, कारण स्वाराच्या गुडघ्याची हालचाल त्याला हँडल फिरण्याआधी कळते. ब्रेक लागला की ते मान खाली घालून छाती पुढच्या पत्र्याला लावते. वाहन चालवणाऱ्याच्या शरीराशी एवढे सतत संधान बांधलेला दुसरा कोणी सहप्रवासी दुचाकीवर नसतो; मागे बसलेले माणूस पुष्कळदा वळणाला उलटे झुकते. स्वाराच्या हालचालीचा अंदाज घेऊन आपली चाल ठरवणे हे घोड्यामागून धावणाऱ्या कुत्र्याचे कसब होते, आणि तेच आता एका जागी उभे राहण्यात उतरले आहे.

कायद्याने या सहप्रवाशाची मोजदाद केलेली नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम १२८ चालकाखेरीज एकाच व्यक्तीला, तेही मागच्या बैठकीवर, परवानगी देते. कुत्रा व्यक्तीत धरला जात नाही. पण प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमातील कलम ११ नुसार प्राण्याला अनावश्यक वेदना होईल अशा रीतीने वाहून नेणे हा गुन्हा आहे, आणि दुचाकीवर कुत्रा नेणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे कलम हेच आहे. गळपट्ट्याची साखळी हँडलला बांधणे ही त्यातली सर्वांत घातक सवय होय. कुत्रा घसरला तर तो गळफासाने लटकतो. छातीभोवती आणि पोटाभोवती बसणारा पट्टा आणि आखूड, पण खाली बसता येईल एवढी दोरी, एवढ्याने हा धोका पुष्कळ टळतो. दुसरा धोका उन्हाचा. कुत्र्याला घाम पंजांच्या गाद्यांखेरीज येत नाही म्हटले तरी चालेल. अंगातली उष्णता ते धापा टाकून, जिभेवरची ओल वाऱ्याला देऊन बाहेर टाकते. पगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्याची श्वासाची वाटच आखूड आणि अरुंद असल्यामुळे त्याला हे नीट जमत नाही. चैत्र-वैशाखात नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, डांबर त्याहून कितीतरी अधिक तापते आणि स्कूटरचा पत्राही तापतो. अशा दुपारी फूटबोर्डावर उभ्या केलेल्या पगला ना पाय टेकवता येत, ना श्वास घेता येत. हौसेने आणलेल्या प्राण्याचे असे हाल पाहणे क्लेशदायक आहे, आणि ते केवळ वेळ बदलल्याने टाळता येतात म्हणून अधिकच क्लेशदायक आहे.

गेल्या दीड दशकात नाशिकचे नाव सायकलमुळे देशभर झाले. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या भावांनी २०१५ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत दोघांच्या गटात पुरी केली, आणि २०१७ मध्ये लष्करातले डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांनी ती एकट्याने पुरी केली. नाशिकहून पंढरपूरला जाणारी सायकल वारी आता रुळली आहे. या चळवळीने गंगापूर धरणाकडे, अंजनेरीकडे आणि कसारा घाटाकडे जाणाऱ्या वाटांवर पहाटे पुन्हा सायकली आणल्या, हे तिचे मोठे ऋण आहे. मात्र तिची सायकल वेगळी आहे: बाकदार हँडलची, हलक्या सांगाड्याची, कॅरियर नसलेली, जिच्यावर पाण्याच्या बाटलीखेरीज काही चढत नाही. अंतर आणि वेळ मोजणाऱ्या या सायकलशेजारी टोपलीची किंवा क्रेटची सायकल सावकाश जाते, झाडाशी थांबते, वर्षानुवर्षे एकाच रस्त्याने फिरते आणि कोणत्याही नोंदवहीत येत नाही. शहराच्या सायकलींच्या इतिहासात तिलाही पान मिळायला हवे, कारण कामगाराची जुनी मालवाहू सायकल ज्या गुणांनी श्रेष्ठ होती ते गुण तिनेच जपले आहेत.

पावसाळा सरला की मुंबई–आग्रा महामार्गाच्या कडेने आजही मेंढरांचे कळप पश्चिमेकडे चालू लागतात. मोटारींच्या रांगा काही क्षण मंदावतात, पुढे चालणारी धनगरीण घोड्याचा लगाम आखडून त्याला कडेला घेते, आणि बाजेच्या गातींत अडकवलेल्या झोळीतून एक काळे पिल्लू मान वर काढून बघते. त्याच वेळी शेजारून एखादी स्कूटर सरकत जाते. तिच्या फूटबोर्डावरचे पांढरे कुत्रे कान टवकारते, भुंकत नाही, आणि स्वाराच्या पिंढरीला पाठ टेकवून मागे वळून पाहत राहते.